लाल लघवीच्या आधी : कुत्र्यांचा गोचीड-ताप आणि मूत्रपिंडाची हानी वेळेत ओळखण्याचा इतिहास

बंगळूरच्या इंदिरानगरात हंड्रेड फीट रोड सोडून आतल्या गल्ल्यांत शिरले की मोठमोठ्या झाडांची सावली लागते. बिन्नमंगल गावच्या जमिनीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसलेली ही वस्ती आज श्वानप्रेमींची म्हणून ओळखली जाते. पट्टा बांधून फिरायला निघालेली पाळीव कुत्री आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ठाण मांडून बसलेली गल्लीतली कुत्री, दोन्ही एकाच रस्त्याचा वास घेत असतात. बंगळूरची हवा सौम्य आहे. कडाक्याचा हिवाळा नसल्याने कुत्र्यांच्या अंगावरची तपकिरी गोचीड येथे बाराही महिने तग धरते. अंगणात, भिंतीच्या भेगेत, कुत्र्याच्या गादीच्या शिवणीत ती अंडी घालते आणि एक मादी एका वेळी हजारो अंडी घालू शकते.

येथील कोणत्याही प्राण्यांच्या दवाखान्यात एक दृश्य वरचेवर दिसते. दोन-तीन दिवस अन्नाला तोंड न लावलेले, हिरड्या पांढुरक्या पडलेले, तापाने मलूल झालेले कुत्रे टेबलावर असते. कानाच्या पाळीत किंवा पंजाच्या बेचक्यात एखादी टपोरी गोचीड सापडते. रक्त काढले जाते, काचपट्टी रंगवली जाते आणि निदान होते, ‘बबेसिया’. औषध सुरू होते. अशा वेळी जाणता पशुवैद्य घरच्यांकडे आणखी एक गोष्ट मागतो : सकाळची पहिली लघवी, स्वच्छ बाटलीत. घरच्यांना नवल वाटते. आजार रक्तातला, मग लघवी कशाला?

ह्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे. परजीवी शोधण्याचा एक इतिहास आहे आणि मूत्रपिंडाची हानी मोजण्याचा दुसरा. दोन्ही दीर्घकाळ स्वतंत्रपणे वाहत राहिले, आणि कुत्र्याच्या उपचारात त्यांची गाठ फार उशिरा पडली. त्या उशिराची किंमत कितीतरी कुत्र्यांनी मोजली आहे. परजीवीच्या तडाख्यातून ती वाचली आणि काही महिन्यांनी मूत्रपिंड निकामी होऊन गेली.

तांबडी लघवी आणि गोचीड

जनावरांना लाल लघवीचा आजार होतो, हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे कारण मात्र १८८८ मध्ये पुढे येऊ लागले. त्या वर्षी रुमानियातील विक्टर बाबेश ह्यांनी अशा आजाराने मेलेल्या गुरांच्या तांबड्या पेशींत सूक्ष्म जीव पाहिले. पुढे ह्या परजीवींच्या गणाला त्यांच्याच नावावरून ‘बबेसिया’ म्हटले जाऊ लागले. १८९३ मध्ये अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न ह्यांनी गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडीमार्फत पसरतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. संधिपाद प्राणी आदिजीवी परजीवीचा प्रसार करतो, ह्याचा तो पहिला भक्कम पुरावा होता. मलेरिया आणि डास ह्यांचे नाते रोनाल्ड रॉस ह्यांनी हिंदुस्थानात उलगडले, ते त्यानंतर चार वर्षांनी.

कुत्र्यांच्या बाबतीत हा धागा इटलीत सुरू झाला. १८९५ मध्ये पियाना आणि गाल्ली-व्हालेरिओ ह्यांनी कुत्र्याच्या रक्तात नासपतीच्या आकाराचे परजीवी पाहिले. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स लाउन्सबरी ह्यांनी कुत्र्यांतही हा रोग गोचीडच पोहोचवते, हे दाखवून दिले.

हिंदुस्थानात ह्या विद्येची पायाभरणी मराठी मुलखात झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड ह्यांनी ‘सरा’ ह्या घोड्यांच्या प्राणघातक रोगावर दीर्घ अभ्यास केला. ‘सरा’चा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स ह्यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे पाहिला होता. हा रोग उंटांना आणि कुत्र्यांनाही होतो. दाट वस्तीच्या शहरात संसर्गजन्य रोगांवर प्रयोग करणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा हिमालयाच्या कुमाऊँ भागात मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था हा तिचाच विस्तार आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानातील कुत्र्यांच्या रक्ताची पाहणी झपाट्याने पुढे गेली. १९०५ मध्ये एस. पी. जेम्स ह्यांनी कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत राहणाऱ्या एका परजीवीचे वर्णन केले. आज आपण त्याला ‘हेपॅटोझून कॅनिस’ म्हणतो. १९०७ मध्ये रिकार्ड क्रिस्टोफर्स ह्यांनी ह्या परजीवीचे आणि कुत्र्याच्या बबेसियाचे गोचिडीच्या शरीरातील जीवनचक्र अभ्यासून दोन स्वतंत्र निबंध लिहिले.

मग आले १९१० हे वर्ष. मद्रासमध्ये गोऱ्या अंमलदारांचा शिकारीचा एक संघ होता, ‘मद्रास हंट’. त्याच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात वॉल्टर स्कॉट पॅटन ह्या वैद्यकीय अधिकाऱ्याला एक वेगळाच परजीवी आढळला. नेहमीच्या बबेसियापेक्षा तो पुष्कळ लहान होता. नासपतीऐवजी बारीक कडी किंवा ठिपका दिसावा, असा त्याचा आकार होता. नंतर तोच परजीवी पॅटनला कोल्ह्याच्या रक्तातही सापडला. ही कुत्री ज्याच्या मागे धावत होती, त्याच्याच अंगात त्यांचा शत्रू दडलेला होता. पॅटनने त्याला ‘पायरोप्लाझ्मा गिब्सोनाय’ हे नाव दिले. आज इंदिरानगरातील दवाखान्याच्या अहवालावर जो ‘बबेसिया गिब्सोनाय’ छापलेला दिसतो, तो हाच.

तो कोणती गोचीड पसरवते, ह्या प्रश्नाचे उत्तर मुक्तेश्वरहून आले. १९३३ मध्ये एस. के. सेन ह्यांनी तपकिरी गोचिडीकडे बोट दाखवणारे प्रयोग प्रसिद्ध केले. पुण्यात जन्मलेल्या प्रयोगशाळेने चाळीस वर्षांनंतर दक्षिणेतील ह्या परजीवीचे कोडे सोडवण्यास हातभार लावला. १९३७ मध्ये स्वामिनाथ आणि शॉर्ट ह्यांनीही ह्याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केले. हीच जोडी पुढे १९४२ मध्ये काळा आजार वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो, हे सिद्ध करणाऱ्या प्रयोगात होती.

परजीवी हटला, म्हणजे रोग हटला?

औषधाचा शोधही समांतर चालू होता. १९०९ मध्ये केंब्रिजचे नटॉल आणि हॅडवेन ह्यांनी ‘ट्रिपॅन ब्ल्यू’ ह्या निळ्या रंगाचे इंजेक्शन कुत्र्यांतील मोठ्या बबेसियावर लागू पडते, हे दाखवले. ह्या उपचाराने कुत्र्याचे मांसही निळसर होई, पण जीव वाचे. १९५५ च्या सुमारास ‘डिमिनाझीन’ हे औषध आले आणि आजही ते वापरात आहे. मात्र पॅटनचा लहान बबेसिया चिवट निघाला. डिमिनाझीनने ताप उतरतो, रक्तातील परजीवींची संख्या घटते, पण ते समूळ नाहीसे होतीलच असे नाही. २००४ मध्ये ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ह्या दोन औषधांचा एकत्रित उपचार ह्या परजीवीवर उपयुक्त ठरल्याचे प्रसिद्ध झाले. तरीही कित्येक कुत्री अल्प संख्येतील परजीवी अंगात बाळगून वरकरणी निरोगी आयुष्य जगतात.

मूत्रपिंडाचा प्रश्न येथेच उभा राहतो. काचपट्टीवर परजीवी दिसेनासा झाला की सगळे निर्धास्त होतात. परंतु शरीराचा त्याच्याशी चाललेला झगडा थांबलेला नसतो. परजीवीचे अंश आणि त्यांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे एकमेकांना चिकटून रक्तात फिरतात. मूत्रपिंडातील गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचे अतिसूक्ष्म गुंतवळे असतात. हे चिकट पुंजके त्यांत अडकून बसतात आणि तेथे दाह सुरू होतो. बबेसिया गिब्सोनायची लागण झालेल्या कुत्र्यांत अशा प्रकारचा गाळणीचा दाह अभ्यासकांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. गाळणी सैल पडली की रक्तातले प्रथिन लघवीत झिरपू लागते. कुत्र्याला त्याचे दुखणे होत नाही. ते खाते, खेळते, शेपूट हलवते.

चमचा, मेणबत्ती आणि पिक्रिक आम्ल

लघवीत प्रथिन शोधण्याची कला परजीवीच्या शोधापेक्षा जुनी आहे. १८२७ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट ह्यांनी अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरली. अंड्याचा पांढरा बलक तापवल्यावर गोठतो, तशी काही रुग्णांची लघवी गढूळ होऊन गोठली. हे रुग्ण मेल्यावर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडे विकृत आढळली. लघवीतले प्रथिन आणि मूत्रपिंडाचा रोग ह्यांचे नाते त्या चमच्याने जोडले. ज्या हानीचे मूळ गाळणीत आहे, तिची खूण गाळून निघालेल्या द्रवात शोधावी, हा त्यामागचा साधा विचार होता.

पुढे रसायनशास्त्राने दुसरा मार्ग खुला केला. १८८६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या मॅक्स याफे ह्यांना दिसले की, अल्कधर्मी द्रावणात पिक्रिक आम्ल मिसळले की क्रिएटिनिनमुळे नारिंगी-तांबडा रंग येतो. क्रिएटिनिन हा स्नायूंतून सतत बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ आहे, आणि तो मुख्यतः मूत्रपिंडांवाटेच शरीराबाहेर जातो. १९०४ च्या सुमारास अमेरिकेतील ओटो फोलिन ह्यांनी त्या रंगावरून क्रिएटिनिनचे प्रमाण मोजण्याची पद्धत बसवली. मूत्रपिंड मंदावले की रक्तात क्रिएटिनिन साचते, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाचा आरसा मानला गेला. ही मोजणी स्वस्त आहे, झटपट होते आणि यंत्रावर सहज बसते. माणसांच्या प्रयोगशाळेतून ती पशुवैद्यकात आली आणि तेथेच स्थिरावली. याफेची ती रासायनिक क्रिया आजही असंख्य प्रयोगशाळांत रोज घडते.

परंतु हा आरसा उशिरा जागा होतो. कुत्र्याच्या एका मूत्रपिंडात सुमारे चार लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे गाळणी आणि तिच्यामागची नलिका मिळून बनलेला एक घटक. काही नेफ्रॉन मेले की उरलेले अधिक काम अंगावर घेतात. १९६० मध्ये नील ब्रिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच निरीक्षणावर आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. घरातल्या एका माणसाचे काम बाकीचे मुकाट्याने उचलतात आणि बाहेरच्याला काही कळत नाही, तसे हे आहे. पशुवैद्यकाची पाठ्यपुस्तके सांगतात की, साधारण दोन तृतीयांश नेफ्रॉन गमावल्यावर कुत्र्याची लघवी दाट करण्याची शक्ती जाते. सुमारे तीन चतुर्थांश गमावल्यावर क्रिएटिनिन ठरलेल्या मर्यादेबाहेर पडते.

विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. गाळण्याचा वेग आणि रक्तातील क्रिएटिनिन ह्यांचे प्रमाण व्यस्त आहे. वेग निम्म्यावर आला की क्रिएटिनिन दुप्पट होते. समजा, एखाद्या सडपातळ कुत्र्याचे क्रिएटिनिन निरोगी असताना ०.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. आजारात त्याच्या मूत्रपिंडांची निम्मी क्षमता गेली. आता क्रिएटिनिन १.२ भरेल. अहवालातील सर्वसाधारण मर्यादा १.४ किंवा त्याहून वर असते, म्हणून अहवालावर ‘सामान्य’ असे छापून येईल. निम्मे मूत्रपिंड गेले आणि कागदावर लाल खूणही उमटली नाही. त्यात क्रिएटिनिन स्नायूंतून येत असल्याने, तापात रोडावलेल्या कुत्र्याचा आकडा आणखी खाली दिसतो. गोचीड-तापात पेशी फुटून कावीळही झाली असेल, तर रक्तातले बिलिरुबीन याफेच्या रंगमापनात अडथळा आणून आकडा कमी दाखवू शकते. ज्या रोगात ह्या चाचणीची सर्वाधिक गरज आहे, त्याच रोगात ती सर्वाधिक फसवते.

लाल रंगावर घेतलेला संशय

बबेसियाच्या तीव्र आजारात फुटलेल्या तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन लघवीत उतरते आणि लघवी कॉफीसारखी तांबडी-काळी होते. त्यामुळे मूत्रपिंडाची हानी हे हिमोग्लोबिनच करत असावे, हा तर्क सहज सुचणारा होता. १९२५ मध्ये बेकर आणि डॉड्स ह्यांनी सशांवरील प्रयोगांतून दाखवले की, लघवी आम्लधर्मी असेल तर हिमोग्लोबिन नलिकांत साचून त्या तुंबवू शकते. त्या काळी उष्ण प्रदेशांत मलेरियाच्या रुग्णांना काळ्या लघवीचा ताप येऊन ते दगावत. कुत्र्याचा बबेसिया आणि माणसाचा मलेरिया ह्यांतील साम्य डॉक्टरांच्या नजरेत भरू लागले. १९५७ मध्ये लिव्हरपूलचे ब्रायन मेग्रेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांतील बबेसियाच्या विकृतिप्रक्रियेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तो ह्याच साम्यामुळे. आजारी कुत्रे अशा रीतीने माणसाच्या रोगाचा अभ्यास करण्याचे साधन झाले.

दक्षिण आफ्रिकेत कुत्र्यांतील बबेसियाचा एक अतिशय घातक प्रकार आढळतो. तेथील रेमो लोबेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ह्या जुन्या संशयाची प्रयोगाने परीक्षा घेतली. केवळ हिमोग्लोबिन रक्तात मोकळे झाले म्हणून मूत्रपिंडाला मोठी इजा होत नाही, असे त्यांना आढळले. रक्तदाब घसरणे, ऊतींना प्राणवायू कमी पडणे, सर्व शरीरात उसळलेला दाह आणि गाळणीत अडकणारे प्रतिपिंडांचे पुंजके, अशी अनेक कारणे एकत्र येऊन हानी करतात, असे आजचे आकलन आहे. २००१ मध्ये लोबेट्टी आणि लिंडा जेकबसन ह्यांनी बबेसिया झालेल्या कुत्र्यांच्या लघवीची कसून तपासणी केली. तीत प्रथिन, नलिकांच्या पेशी आणि त्यांतील विकरे सापडली. क्रिएटिनिन मात्र बहुतेक कुत्र्यांत जागचे फारसे हलले नव्हते.

ह्या निष्कर्षाचा अर्थ दुहेरी आहे. लघवी लाल दिसली नाही म्हणून मूत्रपिंड सुरक्षित आहे, असे मानता येत नाही. आणि लघवी लाल दिसली म्हणून मूत्रपिंड गेले, असेही नाही. उघड्या डोळ्यांना दिसणारा रंग हा हानीचा विश्वासू साक्षीदार नव्हता. खरी साक्ष त्याच लघवीत होती, पण ती रंगहीन होती.

आकड्यांच्या आधीचे आकडे

ब्राइटच्या चमच्याचे काम १९५० च्या दशकात कागदी पट्टीने हाती घेतले. अमेरिकेतील हेलन आणि आल्फ्रेड फ्री ह्या दांपत्याच्या प्रयोगशाळेतून १९५६ मध्ये लघवीतील साखर दाखवणारी पट्टी आली आणि पाठोपाठ प्रथिन दाखवणारी. पट्टी बुडवायची, ठरलेला वेळ थांबायचे आणि रंग ताडून पाहायचा. ह्या पट्टीची एक मर्यादा आहे. दाट लघवीत थोडेसे प्रथिनही जास्त भासते आणि पातळ लघवीत पुष्कळ प्रथिनही कमी.

ही अडचण एका गुणोत्तराने सोडवली. लघवीतले प्रथिन आणि लघवीतले क्रिएटिनिन ह्यांचा भागाकार घेतला की लघवीच्या दाट-पातळपणाचा परिणाम निघून जातो. चोवीस तासांची लघवी गोळा करण्याची गरज उरत नाही. कुत्र्याच्या बाबतीत ती गोळा करणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको. १९८४ मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी हे गुणोत्तर कुत्र्यांसाठी पडताळून प्रसिद्ध केले. आज ०.२ पेक्षा कमी गुणोत्तर निर्धोक, ०.२ ते ०.५ सीमारेषेवरचे आणि ०.५ च्या वरचे प्रथिनगळतीचे मानतात. १९९८ मध्ये व्हिएन्ना येथे मूत्रपिंडतज्ज्ञ पशुवैद्यांनी ‘आयरिस’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. तिने रोगाच्या चार पायऱ्या आखल्या. पहिल्या पायरीवर कुत्र्याचे क्रिएटिनिन १.४ च्या खाली, म्हणजे सामान्यच असते. तरीही प्रथिनगळती, सोनोग्राफीतील बदल किंवा क्रिएटिनिनची हळूहळू चढती रेघ दिसली, तर त्याला रोगी मानावे, असे ही मांडणी सांगते. ‘आकडा सामान्य, तरी रोग आहे’ हे विधान अशा रीतीने शास्त्राच्या परिभाषेत आले.

रक्ताच्या बाजूनेही एक नवी खूण पुढे आली. १९७० मध्ये जपानच्या काकिमोतो आणि आकाझावा ह्यांनी माणसाच्या लघवीतून डायमिथिल-आर्जिनिनचे दोन सममूलीय प्रकार वेगळे केले. त्यांपैकी ‘एसडीएमए’ म्हणून ओळखला जाणारा पदार्थ शरीरातील पेशींत तयार होतो आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. स्नायूंच्या वस्तुमानाचा त्यावर क्रिएटिनिनइतका परिणाम होत नाही. चार दशकांहून अधिक काळ तो जवळजवळ केवळ संशोधनापुरता राहिला. २०१५ मध्ये मात्र तो कुत्र्यामांजरांच्या नेहमीच्या रक्ततपासणीत दाखल झाला. दीर्घकालीन मूत्रपिंडरोग झालेल्या कुत्र्यांच्या एका अभ्यासात हा पदार्थ क्रिएटिनिनच्या सरासरी ९.८ महिने आधी वाढलेला आढळला. कुत्र्याच्या आयुष्यात दहा महिने म्हणजे थोडका काळ नव्हे.

नलिकांना नुकतीच झालेली इजा पकडण्यासाठी आणखी एक प्रथिन अभ्यासले जात आहे. त्याचे लघुरूप ‘एनगॅल’ असे आहे. १९९३ मध्ये ते माणसाच्या पांढऱ्या पेशींत ओळखले गेले. २००३ मध्ये मिश्रा, देवराजन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटल्यानंतर काही तासांतच ते लघवीत वाढते. बबेसिया झालेल्या कुत्र्यांतही त्याचा अभ्यास झाला आहे. पण पांढऱ्या पेशीही ते सोडतात, म्हणून सर्वांगी दाह असलेल्या आजारात त्याचा अर्थ सावधपणे लावावा लागतो.

सावधपणा लघवीतल्या प्रथिनाच्या बाबतीतही हवा. लघवी हिमोग्लोबिनने तांबडी असताना मोजलेल्या प्रथिनात ते हिमोग्लोबिनही मोजले जाते. ती गळती गाळणीची नसते. मूत्राशयाला संसर्ग असेल तरी प्रथिन वाढते. म्हणून आजार ओसरल्यावर, लघवी पुन्हा स्वच्छ पिवळी झाल्यावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचा गाळ तपासून झाल्यावर मोजणी करावी. किमान दोन आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा करावी. दर वेळी प्रथिन वरच राहिले, तर गाळणीची चौकशी सुरू करावी. वेळेत कळले तर आहारात बदल, रक्तदाबाची देखरेख, प्रथिनगळती कमी करणारी औषधे आणि अंगात उरलेल्या परजीवीवर पुन्हा उपचार, असे बरेच काही करता येते. उशिरा कळले तर करण्याजोगे फार थोडे उरते.

पुन्हा इंदिरानगर

आता त्या बाटलीकडे परत येऊ. पशुवैद्य सकाळची पहिली लघवी मागतो, कारण रात्रभर साठलेली ती लघवी दाट असते. मूत्रपिंडाला लघवी दाट करता येते की नाही, हे एका छोट्या अपवर्तनमापकावर थेंब टाकून कळते. निरोगी कुत्र्याची अशी लघवी साधारणपणे १.०३० किंवा त्याहून अधिक विशिष्ट गुरुत्वाची असते. त्याच लघवीत पट्टी बुडवली की प्रथिनाचा पहिला इशारा मिळतो. ह्या दोन्ही चाचण्यांना महागडे यंत्र लागत नाही. ब्राइटच्या चमच्यातील युक्ती, फक्त अधिक नेमकी झालेली, असे त्यांचे वर्णन करता येईल.

शहरात ह्या विद्येची केंद्रेही दूर नाहीत. हेब्बाळला १९२५ मध्ये म्हैसूर संस्थानाने जनावरांच्या रोगप्रतिबंधक रक्तद्रवाची संस्था उभारली. १९५८ पासून तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नवनवीन चाचण्या प्रयोगशाळांत आल्या आहेत, पण त्यांचा लाभ कोणत्या कुत्र्याला मिळतो, हा प्रश्न उरतोच. पाळीव कुत्र्याच्या रक्ताचे अहवाल मोबाइलवर येतात. गल्लीतल्या कुत्र्याला कुणी दयाळू माणसाने गोचीड-तापाचे इंजेक्शन दिले, तर तीच मोठी गोष्ट. त्याची लघवी कोण पाहणार? आणि गोचीड मात्र दोघांत भेद करत नाही. पट्ट्यातल्या कुत्र्याचा आजार बहुधा त्याच रस्त्यावरून येतो, जिथे बिनपट्ट्याचे कुत्रे झोपलेले असते. कोल्हा आणि शिकारी कुत्रे ह्यांची १९१० सालची कहाणी इथे वेगळ्या रूपात चालू आहे.

पॅटनने काचपट्टीवर परजीवी पाहिला, तेव्हा ब्राइटची लघवीची परीक्षा त्र्याऐंशी वर्षांची जुनी होती आणि याफेचा रंग चोवीस वर्षांचा. साधने हाताशी होती. रक्तातल्या परजीवीमागे धावताना मूत्रपिंडाकडे वळून पाहण्याची सवय मात्र पुष्कळ दशकांनी लागली, आणि अजूनही ती सर्वत्र रुजलेली नाही. गोचीड-तापातून कुत्रे बरे झाले, म्हणून दवाखान्याची वही मिटवू नये. दोन-तीन आठवड्यांनी एकदा, मग काही महिन्यांनी पुन्हा, लघवीची छोटी बाटली घेऊन जावे. क्रिएटिनिनचा एकच आकडा न पाहता आधीचे आकडे शेजारी मांडावेत. ०.६ वरून १.२ वर गेलेल्या आकड्याखाली ‘सामान्य’ असे लिहिलेले असले, तरी पशुवैद्याला त्याबद्दल अवश्य विचारावे.

ज्यांच्या घरी कुत्रे आहे, त्यांनी आज जुने अहवाल काढून हे आकडे एका ओळीत लिहून पाहावेत. आपल्या कुत्र्याच्या बाबतीत ही रेघ कशी दिसली, हे प्रतिक्रियांमध्ये जरूर कळवावे.

#विज्ञानाचाइतिहास #पशुवैद्यक #परजीवीशास्त्र